इडा बी. वेल्स: न्यायालयांचा वर्णद्वेष उघड करणारी पत्रकार

मिसिसिपीतल्या हॉली स्प्रिंग्जमध्ये 1862 साली एका गुलाम दांपत्याच्या पोटी इडा वेल्स यांचा जन्म झाला. पिवळ्या तापाच्या साथीत आईवडील गेले, तेव्हा त्या 16 वर्षांच्या होत्या. भावंडांना सांभाळण्यासाठी त्यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली.

1884 मध्ये त्यांना रेल्वेच्या महिलांच्या डब्यातून बाहेर ओढण्यात आलं. त्या कोर्टात गेल्या आणि 500 डॉलरची भरपाई जिंकल्या. पण 1887 मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला.

मग 1892 साल उजाडलं. मेम्फिसमध्ये किराणा दुकान चालवणारे त्यांचे मित्र टॉमस मॉस आणि आणखी दोघांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. म्हणजे सरकारच्या ताब्यातून! शिक्षा कोणालाच झाली नाही. वेल्स यांनी अशा हत्यांची माहिती गोळा करून छापली. बलात्काराचा आरोप बहुतेकदा निव्वळ सबब असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. परिणामी त्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीची मोडतोड झाली आणि मेम्फिस कायमचं सुटलं.

त्यांच्या कामातला आर्कान्सासचा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. 1919 मध्ये एलेन गावाजवळ वाट्याने कापूस पिकवणारे कृष्णवर्णीय शेतकरी रास्त भावासाठी संघटना बांधत होते. त्यांच्या सभेवेळी गोळीबार झाला, एक गोरा माणूस ठार झाला आणि पाठोपाठ कृष्णवर्णीयांचं हत्याकांड घडलं. खटले भरले गेले ते मात्र कृष्णवर्णीयांवरच. 12 जणांना मृत्युदंड सुनावला गेला. यातल्या एका खटल्याचं कामकाज पाऊण तासात उरकलं आणि फक्त गोऱ्यांच्या ज्युरीने पाच मिनिटांच्या आत निकाल दिला, असं पुढे अपिलात मांडलं गेलं. साक्षीदारांना मारहाण करून जबाब घेतल्याचीही तक्रार होती.

वेल्स जवळपास 30 वर्षांनी दक्षिणेत परतल्या. कैद्यांची नातेवाईक असल्याचं भासवून त्या लिटल रॉकच्या तुरुंगात शिरल्या. मरणाची तयारी करू नका, सुटकेसाठी प्रार्थना करा, असं त्यांनी कैद्यांना बजावलं. त्यांच्या हकिकती, बुडालेल्या पिकाच्या हिशेबासह, त्यांनी 1920 मध्ये पुस्तिकेत छापल्या. हा हिशेबच खरा पुरावा होता, कारण भांडणाचं मूळ कापसाच्या पैशात होतं.

1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे. 1925 पर्यंत बाराही जण सुटले. सुटलेल्यांपैकी एकजण पुढे शिकागोला वेल्स यांच्या घरी आभार मानायला आला.

1931 मध्ये त्यांचं निधन झालं. झुंडबळीविरोधातला राष्ट्रीय कायदा अमेरिकेत झाला 2022 मध्ये.