पेटीच्या भात्यावर उडालेलं विमान

वाशिममधून विमान बघायचं तर मान वर करावी लागते. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. प्रवासी विमानात बसायचं तर नांदेड किंवा नागपूर गाठा. आणि बसायचं नाही, चालवायचंच आहे असं कुणी घरी म्हटलं तर? बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं, ते जमेल. पण कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाचं इंधन, विमान आणि शिक्षक यांचं बिल आपल्याच खिशातून जातं. खर्च लाखांच्या घरात. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वावर विकायचं का?

हाच पैशांचा प्रश्न १९२० साली अमेरिकेतल्या एका सोळा वर्षांच्या पोराला पडला होता. एडविन लिंक त्याचं नाव. जमिनीवर बसून विमान शिकवणारं यंत्र त्यानं बनवलं, आज आपण ज्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतो ते. आणि ते कशापासून बनवलं हे कळलं की गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेनं बघाल.

एडविनचा जन्म २६ जुलै १९०४ चा, इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टनचा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी आलं. वडिलांनी तिथे वाद्यं बनवणारा एक बुडालेला कारखाना विकत घेतला होता. थिएटरमधले ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तिथे बनायचे. तेव्हा सिनेमा मुका होता, त्यामुळे थिएटरात ऑर्गन हवाच असायचा, धंदा बरा चालायचा. एडविन या कारखान्यातच वाढला. ऑर्गन उघडायचा, दुरुस्त करायचा, परत जोडायचा.

आता हे आपोआप वाजणारे पियानो कसे चालायचे ते जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. कागदाच्या लांब गुंडाळीवर भोकं पाडलेली असायची. गुंडाळी फिरली की भोकातून हवा आत ओढली जायची, त्यानं एक छोटा भाता हलायचा आणि तो भाता पियानोची पट्टी दाबायचा. पेटीचा भाता आपण हातानं हलवतो, इथे हवेचा पंप भाते हलवायचा. कुठला भाता कधी हलणार हे कागदावरची भोकं ठरवायची. म्हणजे बघा, प्रोग्रामिंगच झालं की हे! कीबोर्ड मात्र पियानोचा.

सोळाव्या वर्षी एडविन विमान शिकायला गेला. कॅलिफोर्नियात चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन विमानाचा व्यवसाय करायचा, तिथे. एका धड्याचे ५० डॉलर, त्या काळात ही चांगलीच मोठी रक्कम होती. शिक्षकानं त्याला वर नेलं, विमानाच्या कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या आणि खाली आणून सोडलं. एडविननं त्या तासात दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता. ५० डॉलर देऊन त्यानं फक्त प्रवास केला.

आपल्यापैकी अनेकांनी इथेच नाद सोडला असता. यानं सोडला नाही. घरून फारसं प्रोत्साहन नसतानाही तो अधूनमधून शिकत राहिला, आणि १९२७ च्या सुमारास त्यानं स्वतःचं विमान घेतलं. सेस्ना कंपनीनं ग्राहकाला दिलेलं पहिलंवहिलं विमान हेच, असं सांगितलं जातं. ते घेऊन तो गावोगाव फिरायचा, लोकांना चक्कर मारून आणायचा, शिकवायचा, जमेल तसं पोट भरायचा. पण त्याच्या डोक्यातून तो पहिला धडा जात नव्हता. शिकाऊ माणसाचे सुरुवातीचे बरेच तास कशात जातात? दांडा किती ओढायचा, पायाचं पॅडल किती दाबायचं, नाक वर गेलं तर काय करायचं, यात. मग त्यासाठी आकाशात इंधन जाळायची गरज काय?

तसं जमिनीवर सराव करण्याची कल्पना त्याच्याआधीही होती. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये अर्ध्या कापलेल्या पिंपावर शिकाऊ माणसाला बसवायचे आणि बाहेरून माणसं ते पिंप हलवायची. गंमत म्हणून ठीक. पण त्यात शिकणाऱ्यानं दांडा ओढला म्हणून विमान वर गेलं, असं होत नव्हतं. यंत्र हवं असेल तर ते शिकणाऱ्याच्या हाताचं ऐकणारं हवं.

एडविन वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात गेला. भाते, झडपा, हवेचा पंप, सगळं तिथे पडलेलंच होतं. लाकडाचं छोटंसं विमान बनवून त्यानं ते एका सांध्यावर ठेवलं आणि खाली ऑर्गनचे भाते लावले. विमानातला दांडा जोडला झडपांना. दांडा ओढला की झडप उघडणार, पुढचा भाता फुगणार, मागचा आकसणार, नाक वर. डावीकडे दांडा, तर विमान डावीकडे कलणार. गोल फिरण्यासाठी भात्यांचीच एक वेगळी मोटर. असं करत करत जवळपास दीड वर्षात, १९२९ साली यंत्र तयार झालं. त्याला नाव दिलं पायलट मेकर.

आता तुम्हाला वाटेल, विमान कंपन्यांनी रांग लावली असेल. कसलं काय! विमान शिकवणाऱ्या शाळांना ते खेळणं वाटलं. पेटंटचा अर्ज करताना खुद्द एडविननंच त्याच्या नावात शिकवणीसोबत करमणूकही घातली होती. १९३१ मध्ये पेटंट मिळालं, पण यंत्रं गेली कुठे, तर मनोरंजनाच्या बागांत. आपल्या जत्रेत आकाशपाळण्याशेजारी असतं तसं. नाणं टाका, हलून घ्या, उतरा. त्यात १९२९ ची मंदी आलेली, आणि सिनेमा बोलका झाल्यानं ऑर्गनचा धंदाही बसलेला.

त्यानं स्वतःच शाळा काढली. एकट्यानं विमान उडवण्यापर्यंतचं शिक्षण ८५ डॉलरमध्ये. त्याच्या पहिल्या एका धड्याला ५० पडले होते, हे लक्षात घ्या. तरीही मंदीत ८५ डॉलर देणारे किती असणार? मग रात्री विमानाच्या पंखाखाली दिव्यांची अक्षरं लावून तो गावांवरून जाहिराती फिरवायचा. अक्षरं कोण पेटवायचं-विझवायचं? तीच पियानोची भोकांची गुंडाळी. मला तर या माणसाचा हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. त्याला एकच गोष्ट नीट येत होती आणि ती त्यानं कुठे कुठे लावली!

याच काळात, १९३१ मध्ये, त्याचं लग्न मॅरियन क्लेटनशी झालं. ती पत्रकारिता शिकलेली, वार्ताहर म्हणून काम केलेली. (आमच्या बॅचनं नोंद घ्यावी.) पुढे धंद्याचा हिशेब, पत्रव्यवहार, पुस्तक लिहिणं, समुद्रातल्या मोहिमा, सगळ्यात ती बरोबरीनं होती.

सगळं बदललं १९३४ मध्ये, आणि ते आनंदाच्या कारणानं नाही. फेब्रुवारीत अमेरिकन सरकारनं विमानानं टपाल नेण्याचे खासगी कंपन्यांचे करार रद्द केले आणि ते काम सैन्याच्या वैमानिकांवर टाकलं. कडाक्याचा हिवाळा, रात्र, धुकं, बर्फ. या तरुणांना उजेडात विमान उडवायची सवय होती. ढगात शिरलं की माणसाचं शरीर त्याला फसवतं. आपण सरळ आहोत असं कानातला तोल सांगत असतो आणि विमान मात्र कलून खाली चाललेलं असतं. अशा वेळी स्वतःच्या अंगावर विश्वास न ठेवता समोरच्या काट्यांवर ठेवायचा असतो, आणि ते सरावाशिवाय जमत नाही. पहिल्याच आठवड्यात पाच वैमानिक मेले. काही महिन्यांत हा आकडा डझनावर गेला. तुमच्या-माझ्यापेक्षा थोडीच मोठी पोरं होती ती.

तेव्हा सैन्याला तळघरातल्या खेळण्याची आठवण झाली. एडविननं मधल्या काळात त्यात उपकरणांचे काटे बसवले होते, वरून झाकण लावून बाहेरचं दिसणं बंद करता येत होतं. नेवार्कला अधिकारी त्याची वाट बघत होते. धुकं आणि पाऊस असा की आज हा काही येत नाही म्हणून ते निघण्याच्या बेतात होते, तेवढ्यात हा पठ्ठ्या त्याच धुक्यातून, काट्यांच्या भरवशावर, विमान घेऊन उतरला. वेगळं प्रात्यक्षिक द्यायची गरजच उरली नाही. प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रं विकली गेली.

पुढे दुसरं महायुद्ध. निळ्या रंगाचं, आखूड पिवळ्या पंखांचं हे यंत्र वैमानिकांमध्ये ब्लू बॉक्स म्हणून ओळखलं जाऊ लागलं. शिकणारा झाकणाखाली, शिक्षक शेजारच्या टेबलाशी, आणि टेबलावरच्या नकाशावर तीन चाकांची एक छोटी गाडी शाईनं रेघ ओढत जायची. विमान 'गेलं' असतं तर कुठून गेलं असतं, त्याची ती रेघ. त्या रेघेवर डोंगर आला, तर तुम्ही मेलात. झाकण उघडा, पाणी प्या, परत बसा. अशी सुमारे १०,००० यंत्रं बनली आणि ५ लाखांहून जास्त लोक त्यावर शिकले. यातली काही यंत्रं युद्धाआधी जपाननंही घेतली होती, हेही सांगायला हवं. यंत्राला बाजू कळत नाही.

१९५४ मध्ये एडविननं कंपनी विकली आणि चक्क समुद्रात उतरला. बुडालेली शहरं, जहाजं शोधण्यासाठी त्यानं स्वतःचं जहाज बांधलं, पाणबुड्या बनवल्या. १९५९ मध्ये जमैकातल्या भूकंपात बुडालेल्या पोर्ट रॉयलचा त्यानं शोध घेतला. पण १९७३ च्या जूनमध्ये फ्लोरिडाजवळ त्याची एक छोटी पाणबुडी बुडालेल्या युद्धनौकेच्या अवशेषांत अडकली. वर काढेपर्यंत दोघांचा गुदमरून जीव गेला. त्यातला एक होता एडविनचा मुलगा क्लेटन, वय ३१. यानंतर जवळपास सत्तरीतला हा माणूस परत कामाला बसला आणि अडकलेल्या पाणबुडीपर्यंत पोचून तिला सोडवणारं यंत्र बनवण्याच्या मागे लागला. ७ सप्टेंबर १९८१ ला बिंगहॅम्टनमध्येच तो गेला.

तोवर सिम्युलेटर भात्यांवरून संगणकावर आला होता आणि घरच्या संगणकावर खेळता येतील असे प्रकारही निघाले होते. पण ते सगळे बंद डब्यासारखे. विमान असं का वळलं, हे आत डोकावून बघता येत नव्हतं. एडविन निदान ऑर्गन उघडून बघू शकत होता. याच गोष्टीला वैतागून १९९६ मध्ये काही हौशी लोकांनी ठरवलं, आपणच बनवू आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवू. त्याचं नाव फ्लाइटगिअर. कर्टिस ऑल्सन यांनी १९९७ पासून काम पुढे नेलं. विमानाच्या हालचालीचं गणित सुरुवातीला नासाच्या लँग्ली केंद्रातल्या लार्कसिम या प्रोग्रामवरून घेतलं. जगभरातले प्रोग्रामर, वैमानिक, विद्यार्थी नोकरी-अभ्यास सांभाळून, पगाराशिवाय त्यात भर घालत आले. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा, विकलात तरी चालेल. अट एवढीच की बदललेलं पुढे देताना त्याचा कोडही द्यायचा.

याचा फायदा किती, ते २००९ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टनं आपला प्रसिद्ध सिम्युलेटर बनवणारा स्टुडिओच बंद केला. ते बनवणारे घरी गेले, कोड कंपनीच्या कपाटात राहिला. फ्लाइटगिअर कुणाला बंद करता येणारच नव्हतं, कारण ते कुणा एकाचं नव्हतंच. इथे मला एडविनबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. त्यानं पेटंट घेतलं, धंदा केला, आणि मंदीतल्या त्याच्या परिस्थितीत मी तरी त्याला नावं ठेवणार नाही. पण ८५ डॉलरचा कोर्सही ज्याला परवडत नव्हता, त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. ते काम या बिनपगारी लोकांनी केलं.

आणि ते वाशिमपर्यंत आलंय. २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर या अंतराळयानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती खुली आहे आणि फ्लाइटगिअरची जमीन त्यातून उभी राहते. म्हणजे आपल्याकडचे चढउतारही त्यात आहेत. रस्ते, रेल्वे, नद्या ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशांतून येतात, आणि ते नकाशेही लोकच काढतात. पैनगंगेचं एखादं वळण चुकलेलं असेल, गावाचा तलाव गायब असेल, तर दुरुस्त करायला सी प्लस प्लस यायची गरज नाही. गाव माहीत असावं लागतं.

उगाच आशा लावत नाही. घरच्या लॅपटॉपवरचं एक मिनिटही त्या २०० तासांत धरलं जात नाही. लायसन्सचा खर्च त्यानं सुटत नाही. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा सेस्ना १७२ होतं, एडविनच्या त्या पहिल्या सेस्नाचं नातवंडच म्हणा. धावपट्टीवर ते डावीकडे ओढत होतं, मी दांडा उजवीकडे करत बसलो आणि गवतात गेलो. नंतर कळलं, जमिनीवर असताना दिशा पायाच्या पॅडलनं धरायची असते, आणि प्रोपेलर फिरल्यामुळे विमान डावीकडे का ओढतं याची सगळी आकडेमोड त्या विमानाच्या फाइलमध्ये, साध्या टेक्स्टमध्ये लिहिलेली आहे. नोटपॅडमध्ये उघडते. मी त्यातला एक आकडा बदलून पाहिला. विमान उडालंच नाही. मग परत होता तो केला आणि पाचव्या खेपेला धावपट्टी सुटली.