आभाळ मोजणाऱ्या अ‍ॅना मणी

धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की बायकांची एक नजर मासळीवर, दुसरी आभाळावर. घरची होडी दर्यात असली तर विचारूच नका! हल्ली वाऱ्या-पावसाचा इशारा मोबाइलवर येतो. त्या इशाऱ्यामागे एका बाईची आयुष्यभराची मेहनत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८चा, त्रावणकोरातल्या पीरमेडचा. वडील इंजिनीअर, वेलदोड्याचे मळे, आठ भावंडांत ही सातवी. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची घरची रीत. हिने कुड्या नाकारल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला! गंमत म्हणजे पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिच्या हाती हिरेच आले, पण अभ्यासाला. अतिथंड ठेवलेल्या हिऱ्यांच्या प्रकाशाची एकेक नोंद घ्यायला पंधरा-वीस तास लागत. कित्येक रात्री ती तिथेच झोपली. पाच शोधनिबंध झाले, पीएच.डी. मात्र नाही. एम.एस्सी. केलेली नाही, असं म्हणत मद्रास विद्यापीठाने नियमावर बोट ठेवलं.

१९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या आणि हवामानाची उपकरणं शिकून आल्या. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. १९५३ मध्ये विभागप्रमुख, हाताखाली १२१ पुरुष! साधी उपकरणंही तेव्हा परदेशातून यायची. त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के करून ती इथेच बनवायला घेतली. फुग्यातून वर जाऊन ओझोन मोजणारं यंत्रही त्यांच्या गटाने तयार केलं. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, यावर त्या हटून बसत.

एवढा हट्ट कशासाठी? पावसाळी ढगाकडे पाहा. आपल्याकडे साधारण पाच किलोमीटरच्या वर हवा शून्याखाली जाते. उंच ढगाच्या माथ्यावर असतात बर्फाचे कण. खाली येताना ते वितळतात, पाऊस होतात. वितळताना भोवतालची हवा गार होते, जड होते आणि दणकन खाली आदळते. ढग आला की अचानक सुटणारा, लहान होडीला भारी पडणारा वारा बरेचदा हाच.

संगणकाच्या मॉडेलात एकेक कण मावत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली, २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिमही आभाळाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनात बर्फ किती, गारा किती, त्या किती वेगाने पडतात, हे सूत्रांनी मांडायचं. हिशेब चुकला, तर पाऊस भलत्या वेळी, भलत्या गावी. आणि हिशेबाची सुरुवात होते ती फुग्यातल्या यंत्रांनी, उपग्रहांनी, वेधशाळांनी कळवलेल्या तापमान-आर्द्रतेच्या आकड्यांवरून. अ‍ॅनाबाईंनी बर्फाची सूत्रं मांडली नाहीत, त्यांचं काम त्याआधीचं. आकडा खरा यायला हवा, एवढंच. पण तोच खोटा निघाला, तर पुढचा संगणक काय करणार?

उपमहासंचालक होऊन त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. घरी बसल्या नाहीत. देशभर ऊन किती पडतं, वारा कुठे किती वाहतो, हे मोजत राहिल्या. लग्न केलं नाही. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्या गेल्या. पीएच.डी. शेवटपर्यंत नव्हतीच, आणि त्यावाचून आपलं काही अडलं, असं त्यांना कधी वाटलं नाही.