जयपालसिंग मुंडा

दिनांक १९ डिसेंबर १९४६. दिल्लीत घटनासमितीचे पहिले अधिवेशन चालू होते. नव्या भारताची ध्येये सांगणारा जवाहरलाल नेहरूंचा ठराव सभेपुढे होता. त्याला पाठिंबा देण्यास एक मुंडा गृहस्थ उभे राहिले. ज्यांना लोक रानटी म्हणतात त्यांतलाच मी एक, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. आदिवासींस लोकशाही शिकविण्याचे कारण नाही, उलट ती त्यांच्यापासूनच शिकावी, असे त्यांचे म्हणणे होते.

हेच जयपालसिंग. सन १९०३ मध्ये रांचीच्या दक्षिणेस, खुंटीजवळ टकरा गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी गुरे राखणारा हा मुलगा मिशनऱ्यांच्या साहाय्याने ऑक्सफर्डला शिकला. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकी संघाचे ते कर्णधार होते. अंतिम सामन्यापूर्वी मात्र त्यांनी संघ सोडला. पुष्कळांस त्यांची एवढीच ओळख असते, हे खेदाचे होय.

मुंडांच्या गावी तंटा उद्भवला की गावकरी एकत्र बसून निर्णय करीत. जमीन पूर्वजांनी रान तोडून केलेली. ती जमीनदार-सावकारांनी गिळली, म्हणून तर बिरसा मुंडांचे बंड झाले. तेव्हा राज्यघटना येणार म्हणताच या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला : आमची जमीन राहील काय? गावाचा अधिकार राहील काय? १९३९ पासून आदिवासी महासभेचे अध्यक्ष असलेल्या जयपालसिंगांनी तो प्रश्न दिल्लीत मांडला. घटनेत ‘आदिवासी’ हाच शब्द असावा, हा त्यांचा आग्रह सभेने मानला नाही; ‘अनुसूचित जमाती’ हे नाव राहिले. राखीव जागा व पाचवी अनुसूची मात्र घटनेत आली.

घटनेने दिलेल्या मताचा उपयोग छोटा नागपूरच्या लोकांनी लगेच केला. १९५२ साली जयपालसिंगांच्या झारखंड पक्षाने बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या. स्वतंत्र झारखंड राज्य ही त्यांची मागणी होती. पुढे १९६३ साली त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. अनेक अनुयायांस ते रुचले नाही. १९७० साली ते वारले. झारखंड राज्य २००० साली झाले.

मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारणे ही मुंडांची जुनी रीत आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा १९९६ साली झाला. त्यानंतर, आणि विशेषेकरून २०१७-१८ मध्ये, खुंटी भागातील गावांनी तशाच शिळांवर राज्यघटनेतील कलमे कोरून त्या वेशीवर उभ्या केल्या. त्या कलमांच्या अर्थावरून शासनाशी त्यांचा मोठा वादही झाला.