नारायण वामन टिळक : ईश्वरकल्पना आणि मानवी नाती

आधुनिक मराठी काव्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ओळख फुलामुलांचे कवी आणि ख्रिस्ती भक्तिगीतांचे कर्ते अशी दुहेरी आहे. त्यांच्या चरित्रात या दोहोंहून खोल असा एक प्रश्न आहे. आपले ऐश्वर्य सोडून माणसाच्या पातळीवर उतरलेला देव ज्याने मानला, त्याने पती, उच्चवर्णीय, उपदेशक आणि शिष्य या नात्यांनी इतरांशी कसे वागावे? टिळकांनी याचे उत्तर शास्त्रग्रंथ लिहून दिले नाही. ते त्यांना संसारात आणि मंडळीत शोधावे लागले, आणि प्रत्येक वेळी ते सापडलेच असे नाही.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कठोर वृत्तीचे, तर आई जानकीबाई भाविक व काव्यप्रेमी होत्या. आई लवकर निवर्तली. त्यानंतर टिळक नाशिकला आले, तेथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि पुढील काळ शिक्षकी, कीर्तन व लेखन करीत गावोगाव भटकण्यात गेला. जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ही विवाहानंतर लक्ष्मीबाई झाली. तिला अक्षरओळख करून देणारे टिळकच. मात्र उतावीळ स्वभावामुळे आणि हातात आलेले देऊन टाकण्याच्या सवयीमुळे तिला त्यांनी आर्थिक स्वास्थ्य कधीच लाभू दिले नाही.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनाने ते भारले गेले. शत्रूवर प्रीती करण्याचा आदेश देणारा आणि स्वतः तसे जगलेला गुरू त्यांना येथे भेटला. पण ही भेट त्यांच्या पूर्वसंस्कारांना तोडून झाली नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असेच ते मानत. त्यामुळे त्यांच्या ख्रिस्ताला वारकरी विठ्ठलाप्रमाणे आईचे रूप आले. हा देव सिंहासनावरून न्याय करण्यापेक्षा लेकराजवळ येऊन बसणारा होता. तमिळमध्ये एच. ए. कृष्ण पिळ्ळै यांनी वैष्णव भक्तिपरंपरेच्या भाषेत ख्रिस्तभक्ती मांडली, तिच्याशी या परिणतीचे साम्य अभ्यासकांच्या सहज लक्षात येईल.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या ईश्वरकल्पनेची पहिली कसोटी घरातच लागली. हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता केला होता. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पंढरपुरासही त्यांचे वास्तव्य झाले. अधिकार सोडणाऱ्या देवाचा स्वीकार टिळकांनी पतीचा अधिकार न सोडता केला, असे येथे म्हणणे भाग आहे. पती जिवंत असून वैधव्यासारखे दिवस काढणाऱ्या स्त्रीची वेदना हे या धर्मांतराचे मोल होते, आणि ते टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनी अधिक भरले.

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आल्या. या वेळी टिळकांचे वर्तन निराळे होते. पत्नीची वेगळी चूल, तिचे सोवळे, तिची देवपूजा यांना त्यांनी हात लावला नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यांनी सोवळे टाकले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा, राहुरीचा. पती-पत्नीचे नाते पुन्हा जुळले ते सत्तेच्या जोरावर नव्हे, तर वाट पाहण्याच्या तयारीवर. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सारा प्रवास लक्ष्मीबाईंनी कडवटपणाशिवाय, परंतु काहीही न झाकता सांगितला आहे.

दुसरी कसोटी मंडळीतली होती. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग या जातींतून आलेला होता. टिळक त्यांच्यात शिकवू, राहू आणि गाऊ लागले. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या उपासनेला त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन यांची जोड दिली. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मिशनऱ्यांवर त्यांचा लोभ होता, पण परकीय मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्यामधील धनी व चाकर हा संबंध त्यांना सलत असे. देवाने दासाचे रूप घेतले असे सांगणाऱ्यांनी मायबाप सरकारासारखे वागावे, ही विसंगती त्यांनी मिशनमध्ये राहूनही लपवली नाही.

तिसरे नाते ख्रिस्ती नसलेल्यांशी होते. बालकवी ठोमरे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांच्या काव्याला वळण दिले, तर लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे या स्नेहात काही उणे आले नाही. जे घरात सहज घडले, त्याला संस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न टिळकांनी १९१७ मध्ये केला. मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात बंधुत्वाचे समान स्थान होते. मंडळीच्या सीमेला त्यांनी दिलेला हा सर्वांत धाडसी धक्का होय. नाव दरबाराचे असले, तरी अपेक्षा कुटुंबाची होती. परंतु ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या व्यक्तित्वावर उभा असलेला दरबार फार काळ टिकला नाही.

संस्थेच्या यशावरून टिळकांचे मोल ठरवल्यास ते थोडेच भरेल. त्यांच्या रागीटपणाचे आणि अव्यवहाराचे चटके घरच्यांनी अखेरपर्यंत सोसले. तरीही एक गोष्ट त्यांच्या आयुष्यात क्रमाने स्पष्ट होत गेलेली दिसते. आपल्या देवाने जे सोडले, ते आपणही सोडले पाहिजे, ही जाणीव त्यांना टप्प्याटप्प्याने झाली. जात १८९५ मध्ये सुटली, पत्नीच्या श्रद्धेवरील हक्क त्यानंतर सुटला, आणि मिशनचा आधार व धर्मांतराची अट १९१७ मध्ये सुटली. श्रद्धा आणि आचरण यांत पडलेले अंतर एकदम नाहीसे होत नाही. टिळकांच्या बाबतीत ते भरून यायला बावीस वर्षे लागली.

फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर तीन शतकांनी ख्रिस्तचरित्रावर मराठीत महाकाव्य रचण्याचा टिळकांचा संकल्प होता. ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि तो त्यांच्याही पश्चात, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाला. धर्मांतराच्या क्षणी जिला विचारलेही नव्हते, तिनेच पतीच्या श्रद्धेचा ग्रंथ पुरा केला. त्यांच्या ईश्वरकल्पनेने नात्यांत काय घडवले, याचा याहून भक्कम पुरावा त्यांच्या चरित्रात नाही.