चिखलातून विजेपर्यंत : मडी वॉटर्स

हॉस्टेलवर गिटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे देव ठरलेले असतात. कुणाच्या भिंतीवर हेंड्रिक्स, कुणाच्या भिंतीवर क्लॅप्टन, तर कुणी रोलिंग स्टोन्सचा कट्टर भक्त. पण या देवांचा देव कोण, असं विचारलं की सगळ्या विंगमध्ये शांतता! मित्रांनो, त्याचं नाव मडी वॉटर्स. शब्दशः अर्थ गढूळ पाणी. आता हे काय नाव झालं, असं वाटेल. पण या गढूळ पाण्यावरच पुढे रॉकचं पीक आलं.

त्याचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. जन्म अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, ४ एप्रिलचा. साल तो स्वतः १९१५ सांगायचा, कागदपत्रं तपासणारे १९१३ म्हणतात. तो अगदी लहान असतानाच आई गेली आणि आजीनं, डेला ग्रँटनं, त्याला वाढवलं. पोराला चिखलात खेळायची भारी हौस, म्हणून आजीनंच त्याला मडी म्हणायला सुरुवात केली. 'वॉटर्स' नंतर जोडलं गेलं.

आजी आणि नातू क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल नावाच्या कापसाच्या मळ्यावर राहायचे. गुलामगिरी १८६५ मध्येच कायद्यानं संपली होती, पण जमीन गोऱ्यांची आणि घाम काळ्यांचा हे गणित तसंच होतं. बटाईनं शेती करायची आणि वर्षाअखेरीस हिशेब मांडला की हातात उरायचं काय, तर बरेचदा उधारीच. शाळा जेमतेम झाली. लिहिणं-वाचणं त्याला आयुष्यभर धड जमलं नाही.

ब्लूज जन्मला तो याच मातीत. आपल्याकडे जात्यावर बसलं की ओवी सुचते, तसं तिथे शेतात राबताना गाणं सुचायचं. रचना अगदी साधी. बहुधा बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं आवर्तन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. सगळी गंमत स्वरांत. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे जो स्वर सापडत नाही, नेमका तोच ब्लूजवाल्याला हवा असतो. तो काढण्यासाठी बोटात बाटलीचं तोडलेलं मानेचं नळकांडं घालून तारेवर सरकवायचं. मींड ऐकलेल्या कानाला हे परकं वाटणार नाही.

मडी आधी माउथ ऑर्गन वाजवायचा. गिटार घ्यायची तर पैसे नाहीत. मग घरातला शेवटचा घोडा सुमारे १५ डॉलरला विकला, निम्मे पैसे आजीच्या हातावर ठेवले आणि अडीच डॉलरची जुनी गिटार घेतली. सन हाउस या थोर गायकाला तो रात्ररात्र जवळ बसून ऐके. रॉबर्ट जॉन्सनच्या रेकॉर्ड त्याला पाठ होत्या.

ऑगस्ट १९४१. दोन पाहुणे मळ्यावर आले. अ‍ॅलन लोमॅक्स हा गोरा, लायब्ररी ऑफ काँग्रेसचा. आणि जॉन वर्क हा फिस्क विद्यापीठाचा कृष्णवर्णीय प्राध्यापक. लोकगीतं ध्वनिमुद्रित करत ते हिंडत होते. (पुढे सगळं श्रेय लोमॅक्सला मिळालं, वर्कचं नाव कित्येक वर्षं मागेच पडलं.) मडी चोरून दारूही विकायचा, त्यामुळे गोरा माणूस आपली चौकशी करतोय म्हटल्यावर त्याला वाटलं, आली धाड! पण पाहुण्यांना हवं होतं गाणं. गाडीत तबकडीवर आवाज कोरणारं अवजड यंत्र होतं. मडीच्याच झोपडीत ध्वनिमुद्रण झालं आणि लगेच त्याला ते ऐकवण्यात आलं.

तोपर्यंत त्या माणसानं स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. आज आपण मोबाइलवर रेकॉर्ड करतो, हसतो आणि डिलीट करतो. मडीला मात्र यंत्रातून आलेला आवाज ऐकून साक्षात्कार झाला की हे आपल्याला येतं, आणि रेकॉर्डवरच्या लोकांइतकंच चांगलं येतं! नंतर लोमॅक्सनं २० डॉलर आणि रेकॉर्डच्या दोन प्रती पाठवल्या. त्यातली एक मडीनं ज्यूकबॉक्समध्ये नेऊन लावली.

माणसाला स्वतःची किंमत कळली की तो गप्प बसत नाही. मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचे त्याला तासाला साडेबावीस सेंट मिळत. त्यानं २५ मागितले. मुकादम भडकला. अडीच सेंटांचा प्रश्न होता! मे १९४३ मध्ये मडीनं गाडी पकडली आणि तडक शिकागो गाठलं. त्या दशकांत दक्षिणेतली लाखो काळी माणसं अशीच उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. मडीनंही दिवसा कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला आणि रात्री तो क्लबात वाजवू लागला.

आता खास आपल्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या, विषयाकडे येऊ. झोपडीच्या ओट्यावर साधी गिटार पुरते. शिकागोच्या क्लबात बाटल्या, गप्पा, भांडणं, बाहेर गाड्या. तिथे तिचा आवाज कुणाला ऐकू येणार? १९४४ च्या सुमारास मडीनं इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. अ‍ॅम्प्लिफायर छोटे, व्हॉल्व्हचे. आवाज कमाल वाढवला की सिग्नल क्लिप व्हायचा आणि स्वर फाटायचा. आपल्या लॅबमध्ये याला दोष म्हणतात आणि मार्क कापतात! या लोकांनी त्या दोषातच सौंदर्य शोधलं. लिटल वॉल्टर हा त्याचा साथीदार माउथ ऑर्गन आणि माइक एकाच मुठीत धरून असा वाजवायचा की सॅक्सोफोनला घाम फुटावा.

१९४८ मध्ये अ‍ॅरिस्टोक्रॅट कंपनीसाठी त्यानं 'आय कान्ट बी सॅटिसफाइड' गायलं. मालकांपैकी लिओनार्ड चेसला यातलं काहीच पटेना, पण भागीदार एव्हलिन अ‍ॅरन हिला ते आवडलं. रेकॉर्ड बाजारात आली आणि पहिला साठा दिवसाभरात संपला. स्वतः मडी विकत घ्यायला गेला, तर दुकानदार माणशी एकच देत होता! गाणं कोणतं होतं? १९४१ मध्ये झोपडीत गायलेलं 'आय बीज ट्रबल्ड'च, फक्त आता विजेवर. अ‍ॅरिस्टोक्रॅट पुढे चेस रेकॉर्ड्स झाली. जिमी रॉजर्सची दुसरी गिटार, ओटिस स्पॅनचा पियानो, विली डिक्सनची गाणी... १९५४ चं 'हूची कूची मॅन' ऐका. सगळा बँड एकदम थांबतो आणि त्या पोकळीत मडीचा आवाज येतो. रॉक बँडची जी मांडणी आपण आज गृहीत धरतो, तिचा नकाशा इथे तयार झाला.

१९५८ मध्ये तो इंग्लंडला गेला. तिकडच्या रसिकांना साध्या गिटारीवरचा गावाकडचा ब्लूज हवा होता. विजेचा दणका ऐकून काही समीक्षक चक्रावले. म्हणून १९६३ ला त्यानं साधी गिटार नेली, तर लोक विचारू लागले, इलेक्ट्रिक कुठंय! मधल्या काळात पोरं तयार झाली होती. १९६२ मध्ये लंडनच्या काही पोरांनी मडीच्या १९५० च्या 'रोलिन स्टोन' या गाण्यावरून आपल्या बँडचं नाव ठेवलं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पण पैशाचं काय? पोरं विमानं उडवू लागली आणि गुरूजी क्लबात वाजवत राहिले. १९६२ मध्ये मडीनं गायलेल्या डिक्सनच्या एका गाण्यावरून लेड झेपेलिननं आपलं गाजलेलं गाणं उभं केलं. डिक्सनला त्यासाठी १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं. मडीनंही १९७६ मध्ये चेसच्या संगीत-प्रकाशन कंपनीवर रॉयल्टीसाठी दावा लावला, तो तडजोडीनं मिटला. अडीच सेंटांची ती लढाई तीस वर्षांनीही चालूच होती म्हणायची.

१९६९ च्या मोटार अपघातात तिघे दगावले, मडी जबर जखमी झाला. त्यानंतर तो बरेचदा स्टुलावर बसून गायचा. पण १९७७ मध्ये जॉनी विंटरनं निर्मिती केलेला 'हार्ड अगेन' आला आणि साठीतला हा म्हातारा तरण्या पोरांना भारी पडला. पुढच्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं. त्याला एकूण सहा ग्रॅमी मिळाली. ३० एप्रिल १९८३ रोजी झोपेतच तो गेला.

स्टोव्हलची ती झोपडी आता क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये आहे. तिच्या एका फळीपासून झीझी टॉपच्या बिली गिबन्सनं गिटार बनवून घेतली! आणि २०११ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, तेव्हा तिथे बडी गाय वाजवून गेला. मडीच्या १९६४ च्या 'फोक सिंगर'मध्ये साथीला गिटार वाजवणारा तो हाच. म्हणजे तो हात आपल्या दारापर्यंत येऊन गेला.

तेव्हा मित्रांनो, सबमिशन उरकलं की एक करा. आधी १९४१ चं झोपडीतलं गाणं ऐका, लगेच १९४८ चं ऐका. चाल तीच, गाणारा तोच. मधल्या सात वर्षांत त्याला वीज मिळाली, आणि त्याआधी, एका दुपारी, स्वतःचा आवाज.