फाशांचं गणित मांडणारा जुगारी : जेरोलामो कार्डानो

थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात हूक्स जॉइंटचं डेरिव्हेशन आपण सगळेच रट्टा मारून लिहितो. त्याच जॉइंटला कार्डन जॉइंट असंही म्हणतात. ट्रकच्या पोटाखाली गरगर फिरणाऱ्या कार्डन शाफ्टमध्ये ज्याचं नाव कायमचं अडकून बसलंय, तो माणूस इंजिनिअर नव्हताच! तो होता डॉक्टर, गणिती, ज्योतिषी... आणि एक नंबरचा जुगारी.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीला जरा सांभाळून घ्या. पण या माणसाबद्दल मराठीतच लिहावंसं वाटलं. कारण हॉस्टेलमध्ये रात्री मेसचं जेवण पचवत जो विषय सर्वांत जास्त चघळला जातो, त्याचं उत्तर या माणसाच्या आयुष्यात आहे. विषय असा, की खिशात थोडेच पैसे असताना पोकरचं फायद्याचं टेबल कसं निवडायचं आणि थोड्याचे जास्त कसे करायचे! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण चर्चा काही थांबलेली नाही.

जेरोलामो कार्डानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ चा, इटलीतल्या पाव्हिया गावचा. वडील फात्सिओ हे मिलानमधले वकील, गणितात एवढे हुशार की खुद्द लिओनार्दो दा विंची त्यांच्याशी गणितावर चर्चा करायचा. पण जेरोलामोच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या काळच्या समाजाने हा शिक्का त्याच्या कपाळावर मारला तो मारलाच.

वडिलांची इच्छा पोराने वकील व्हावं, पोराला व्हायचं होतं डॉक्टर. (ओळखीची गोष्ट वाटते ना?) पाव्हिया आणि मग पादुआ इथे तो मेडिकलला गेला. १५२४ मध्ये वडील वारले. हाती आलेली थोडीशी रक्कम त्याने भराभर उडवली आणि मग खर्च भागवायला पत्ते, फासे आणि बुद्धिबळ यांचा आधार घेतला. गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा जिंकायचा! कारण सोपं होतं. बाकीचे नशिबावर खेळत होते आणि हा मोजत होता.

त्या काळी प्रिमेरो नावाचा पत्त्यांचा खेळ जोरात होता. कॅटमधली अठ्ठी, नव्वी, दश्शी काढून टाकायची, म्हणजे उरले ४० पत्ते. प्रत्येकाला चार पत्ते, आणि मग बोली वाढवत न्यायची. हातात काही नसतानाही चढी बोली लावून समोरच्याला पळवायचं. म्हणजे आजच्या पोकरचा जवळजवळ पणजोबाच म्हणा ना!

कार्डानोच्या लक्षात एक गोष्ट आली. फाशात सगळं उघडं असतं आणि सगळं नशीब असतं. पत्त्यांत मात्र पान झाकलेलं असतं, त्यामुळे अंदाज आणि डोकं चालवायला जागा असते. म्हणजे कोणता खेळ खेळायचा, ही निवडच अर्धा डाव ठरवते. पुढे त्याने यावर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, लिबेर द लुदो आलेए, म्हणजे फाशांच्या खेळांविषयीचं पुस्तक. दोन फासे टाकले की ३६ शक्यता, तीन टाकले की २१६. त्यातल्या आपल्या कामाच्या किती ते मोजा आणि एकूणाने भागा. आज दहावीचं पोरगंसुद्धा हे करतं, पण ही रीत लिहून काढणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. तोही चुकला बरं का! एक फासा तीनदा टाकला की हवा तो आकडा येण्याची शक्यता निम्मी, असं त्याने आधी धरलं. खरी शक्यता २१६ पैकी ९१, म्हणजे साधारण ४२ टक्केच. त्याच पुस्तकात पुढे त्याचा हिशोब ताळ्यावर येतो.

पण मला या पुस्तकातली सर्वांत भारी गोष्ट आकड्यांची वाटत नाही. खेळायला बसण्याआधी काय बघावं, हे त्याने सांगितलंय. समोरचा खेळाडू, आजूबाजूचे बघे, पैसा, जागा, फासे टाकायचा डबा आणि खुद्द फासा. या सहाही गोष्टी दोघांना सारख्या हव्यात. तराजू समोरच्याच्या बाजूला झुकत असेल आणि तरी तुम्ही खेळत असाल, तर तुम्ही मूर्ख. तो तुमच्या बाजूला झुकत असेल, तर तुम्ही अन्याय करताय. थोडा वेळ खेळा, क्वचित खेळा, छोट्या रकमेवर खेळा, हेही आलंच. आणि सर्वांत जास्त फायदा न खेळण्यात आहे, हे सांगायलाही तो विसरला नाही.

आता नीट विचार करा. टेबल अगदी सारखं असेल, तर लांब पल्ल्यात फायदा शून्य. फायदा हवा असेल तर समोर कच्चा खेळाडू हवा. म्हणजे फायद्याचं टेबल शोधणं म्हणजे खरं तर बकरा शोधणं! आणि टेबलावर बसलेला प्रत्येकजण नेमकं तेच शोधत असतो. शिवाय ॲपवाले प्रत्येक पॉटमधून आपला कट काढायचे तो वेगळाच. कार्डानोच्या यादीत ही सातवी गोष्ट घालायला हवी.

आणि छोटा खिसा? त्याचं गणित कार्डानोच्या नंतर झालं. समजा तुमच्याकडे १० रुपये, समोरच्याकडे ९०. खेळ अगदी सरळ, छापा-काटा, दर डावाला एक रुपया, आणि एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचं. तर तुमचा खिसा रिकामा होण्याची शक्यता ९० टक्के! कोणीही लबाडी न करता!

लबाडी तर होतीच. व्हेनिसमध्ये एका बड्या गृहस्थाच्या घरी खेळताना पत्त्यांवर खुणा केल्या आहेत हे कार्डानोने ओळखलं. त्याने सरळ खंजीर काढून त्या माणसाच्या तोंडावर वार केला, पैसे उचलले आणि निसटला. त्याच रात्री अंधारात पाय घसरून तो कालव्यात पडला, आणि एका होडीतल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं म्हणून वाचला.

डिग्री मिळाली, पण जन्माचं कारण काढून मिलानच्या डॉक्टरांच्या संघाने त्याला प्रवेश नाकारला. १५३१ मध्ये लुचिया बांदारिनीशी लग्न झालं. प्रॅक्टिस चालेना, म्हणून गडी पुन्हा जुगाराकडे वळला. आणि या वेळी गणित तेच, डोकं तेच, पण बायकोचे दागिने आणि घरातलं सामानसुमान गहाण पडलं. दोघांना मिलानच्या गरिबांच्या आश्रमात राहायची वेळ आली. विद्यार्थी असताना जिंकणारा माणूस आता का हरला? मला वाटतं, तेव्हा तो मनात येईल तेव्हा उठू शकत होता. आता घर चालवायचं म्हणून खेळत होता. ज्याला हरून चालत नाही, त्याला उठून जाताही येत नाही.

पुढे त्याचे दिवस फिरले. वडिलांची गणित शिकवण्याची जागा त्याला मिळाली, १५३९ मध्ये डॉक्टरांच्या संघानेही दार उघडलं. १५४५ मध्ये आर्स मॅग्ना हा ग्रंथ आला, ज्यात त्रिघाती आणि चतुर्घाती समीकरणं सोडवायच्या रीती होत्या. त्रिघातीची रीत गुप्त ठेवण्याच्या बोलीवर सांगणारा तार्ताल्या त्याच्यावर जन्मभर चिडून राहिला. उणे १५ चं वर्गमूळ घेऊन आकडेमोड करण्याची हिंमतही याच ग्रंथातली. म्हणजे आपल्या कॉम्प्लेक्स नंबर्सच्या डोकेदुखीचं मूळही हेच! १५५२ मध्ये तर दम्याने बेजार झालेल्या आर्चबिशपला तपासायला तो थेट स्कॉटलंडला गेला आणि पिसांच्या गाद्या-उशा बाजूला करायला लावून त्याला आराम पाडला.

पण घरात फासे पडतच होते. थोरल्या मुलाने बायकोवर विषप्रयोग केला आणि १५६० मध्ये त्याला मृत्युदंड झाला. धाकटा आल्दो जुगारी निघाला. त्याने बापाच्याच घरात चोरी केली, आणि शेवटी कार्डानोला स्वतः तक्रार करून त्याला बोलोन्यातून हद्दपार करवावं लागलं. १५७० मध्ये कार्डानोला धर्मन्यायालयाने काही महिने कैदेत टाकलं. २१ सप्टेंबर १५७६ रोजी तो रोममध्ये वारला.

म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने लाज वाटते असं म्हणत कबूल केलंय, की सुमारे चाळीस वर्षं बुद्धिबळ आणि पंचवीस वर्षं फासे तो रोज खेळला. त्यात पैसा, वेळ आणि इज्जत तिन्ही गेलं. क्वचित खेळा असं लिहिणारा तो हाच माणूस! फाशांचं पुस्तक तर त्याच्या हयातीत छापलंच नाही. ते १६६३ मध्ये निघालं, तोवर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ च्या पत्रांतून या शास्त्राचं श्रेय घेतलं होतं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कोणी फायद्याचं टेबल विचारायला आलं, तर त्याला कार्डानोच्या सहा गोष्टी तपासायला सांगा. वर एक प्रश्न माझ्याकडून... आत्ता हरत असलास तर उठून जाता येईल का? उत्तर द्यायला तो जरा जरी थांबला, तरी त्याचे मेसचे पैसे आधी भरून घ्या!