डॉ. अल्झायमर आणि माझी आजी

रविवारी रात्री मेस बंद असते, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे माझा कार्यक्रम ठरलेला. संध्याकाळी लोकल पकडायची, शीवला उतरायचं आणि मामाकडे जाऊन आजीच्या हातची आमटी ओरपायची. गेल्या वर्षी त्या आमटीत कधी मीठच नसायचं, तर कधी दोनदा पडलेलं असायचं. मग आजी एकच प्रश्न परत परत विचारू लागली, परीक्षा कधी आहे म्हणून. एकदा सबमिशनच्या टेन्शनमध्ये मी तिच्यावर चक्क खेकसलो. वय झालं, चालायचंच, असं घरातल्या सगळ्यांचं मत. शेवटी एक दिवस खाली दूध आणायला गेलेली आजी स्वतःचा जिनाच विसरली. शेजारच्या काकूंनी हात धरून घरी आणलं, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठला.

बऱ्याच तपासण्या झाल्या, एमआरआयही झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर मेंदूचा उभा छेद दाखवला. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर आत, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा छोटासा भाग असतो. नवी आठवण पक्की करण्याचं काम त्याचं. आजीचा तो भाग आक्रसला होता आणि भोवतीची काळी जागा वाढली होती. पेशी गेल्या की त्यांची जागा पाण्यासारखा द्रव घेतो, तेच ते काळं. मग डॉक्टरांनी अल्झायमर हा शब्द उच्चारला. मला वाटायचं, हे नुसतं आजाराचं नाव. होस्टेलवर परतल्यावर वाचायला बसलो, तर कळलं की हे एका माणसाचं नाव आहे. मित्रांनो, त्या माणसाची ही गोष्ट.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी. अलॉइस डॉक्टरकी शिकले आणि १८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, ती कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! प्रोजेक्टचा टॉपिक मनासारखा मिळाला नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १८८८ साली ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. वेड्यांना बांधून ठेवण्याचा तो काळ. तिथे मात्र बांधण्याऐवजी कोमट पाण्यात बसवून रुग्णांना शांत करत. तिथेच फ्रान्झ निसल हा मित्र भेटला. चेतापेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची त्याची स्वतःची पद्धत होती. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप, असा दोघांचा दिनक्रम सुरू झाला.

१९०१ साल अल्झायमर यांना जड गेलं. पत्नी सेसिली वारली, मागे तीन लहान मुलं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. अल्झायमर तिच्यासमोर बसले आणि साधे साधे प्रश्न विचारू लागले. नाव विचारलं, तिने बरोबर सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर पुन्हा स्वतःचंच. ताटात फ्लॉवर होता, ती पालक म्हणाली. लिहायला दिलं तर स्वतःचं नावही पुरं होईना. तो कागद अन् कागद त्यांनी जपून ठेवला. ती फाईल १९९५ साली फ्रँकफर्टमध्ये पुन्हा सापडली. हे वाचताना पोटात कालवलं, कारण आजी हल्ली मला मामाच्या नावाने हाक मारते.

१९०३ मध्ये ते म्युनिकला क्रेपेलिन यांच्याकडे गेले. काही काळ बिनपगारी काम केलं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या मायक्रोस्कोपपाशी थांबून ते शिकवत आणि जाताना अर्धवट सिगार तिथेच विसरत, असं सांगतात. आउगुस्टेबाईंची चौकशी मात्र विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ ला ती वारली. तिचा मेंदू आणि फाईल म्युनिकला आली. मेंदू सगळीकडून आक्रसलेला. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या पातळ कापांमध्ये पेशींबाहेर साठ्याचे ठिपके दिसले, तर पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. म्हणजे हे वेड नव्हे, नुसतं वयही नव्हे! ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला त्यांचं नाव दिलं. १९१२ मध्ये प्रोफेसर म्हणून ब्रेसलाऊला जाताना अल्झायमर आजारी पडले, ते पुरते सावरलेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले, तेव्हा वय होतं ५१. आउगुस्टे पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसली, तेव्हाचं तिचं वय.

आक्रसलेला मेंदू बघायला त्यांना रुग्ण जाईपर्यंत थांबावं लागलं. हे थांबणं संपवलं ते इंजिनीअर लोकांनी. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनीअरच्या सीटी स्कॅनरवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. पुढे एमआरआय आला. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून येणाऱ्या सिग्नलचं चित्र करतो तो फुरिए ट्रान्सफॉर्म, ज्याच्या नावाने आपण मॅथ्सच्या पेपरला बोटं मोडतो! उतारवयात हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण एक-दीड टक्का घटतो. अल्झायमरमध्ये हीच घट चार-पाच टक्क्यांच्या घरात जाते.

पण नुसत्या फोटोवर निकाल लागत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, पडल्यामुळे कवटीत साचलेलं रक्त, यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर उपाय आहेत. म्हणून लवकर दाखवायचं. आमच्या डॉक्टरांनीही आधी आजीसमोर बसून वार, नाव, गाव विचारलं, घड्याळ काढायला लावलं. सव्वाशे वर्षांनंतरही सुरुवात तीच.

शीव म्हणजे हद्द. जुन्या मुंबई बेटाची हद्द इथे संपायची. म्हातारपणाचं विसरणं आणि आजार यांच्यामध्येही अशीच शीव आहे. आजीने ती कधी ओलांडली, ते आम्हाला कळलंच नाही. हा आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्या आजी-आजोबांकडे जरा नीट बघा, खेकसण्याआधी.

आमटी आता मामी करते. आजी शेजारी बसून कोथिंबीर निवडते आणि परीक्षा कधी आहे, विचारते. मी तारीख सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा सांगतो.